मेलेलं सेंटर परवडतं, आजारी परवडत नाही

नव्या डेटा सेंटरचं उद्घाटन झालं तेव्हा त्यातून एकही व्यवहार जात नव्हता. फीत कापली गेली, फोटो निघाले, रॅकवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि काचेपलीकडून बघणाऱ्या पाहुण्यांना सगळं जोरात चालू असल्यासारखं वाटत होतं. खरं काम तेव्हा निम्मंही झालेलं नव्हतं. पेमेंट प्रोसेसिंग कंपनीचं सेंटर इमारत उभी राहिली म्हणून सुरू होत नाही. कार्डांचे चालू व्यवहार एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचे आणि दुकानदार, ग्राहक, बँक यांच्यापैकी कुणालाही त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यातलं अवघड काम. मी स्विच ऑपरेशन्समध्ये आहे. दुकानातल्या मशीनवरून निघालेला निरोप ज्या सॉफ्टवेअरमधून बँकेकडे जातो आणि मंजूर किंवा नामंजूर असं उत्तर घेऊन परत येतो, ते चोवीस तास चालू ठेवणं ही आमच्या टीमची जबाबदारी. त्यामुळे जागा बघण्यापासून जुनं सेंटर बंद होईपर्यंत मी या प्रकल्पात होते.

आमच्याकडे आधी दोन सेंटर होती, एक मुख्य आणि एक डीआर. मुख्य सेंटरच्या इमारतीत आणखी वीज मिळणार नव्हती. नवा रॅक लावायचा तर जुना काढा, अशी अवस्था. डीआरची गत निराळी. डिझास्टर रिकव्हरी हे नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात एखाद्या ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी ड्रिल व्हायचं, व्यवहार थोडा वेळ तिकडे वळवायचे, अहवालावर सह्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मुख्य सेंटरवर. जे सेंटर रोज काम करत नाही त्याच्या भरवशावर संकटाच्या रात्री झोपायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. म्हणून नवं सेंटर जुन्या डीआरसारखं बसून राहणार नाही, ते आणि दुसरं सेंटर कायम एकदम चालतील, निम्मे व्यवहार इथून आणि निम्मे तिथून, आणि वेळ पडली तर कोणतंही एक सगळा भार उचलेल, असं ठरलं तेव्हा मी लगेच हात वर केला.

दोन्ही सेंटर एकदम चालवायची तर हिशोब मात्र एकच असायला हवा. एखाद्या कार्डाची दिवसाची मर्यादा इथे संपली, तर तिथेही ती त्याच क्षणी संपलेली दिसली पाहिजे. त्यासाठी डेटाबेसची सिंक्रोनस नक्कल ठेवतात. इथे नोंद झाली तरी दुसऱ्या बाजूकडून 'लिहिलं' असं उत्तर येईपर्यंत ती पक्की धरायची नाही. आणि इथे प्रकाशाचा वेग आडवा येतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण एका व्यवहारात अशा नोंदी बऱ्याच होतात, वाटेतली उपकरणं आपापली भर घालतात आणि केबल कधीच सरळ रेषेत जात नाही. रस्ता वळेल तशी ती वळते. दोन सेंटर फार जवळ घेतली तर एकाच पुरात, एकाच भूकंपात किंवा एकाच वीज उपकेंद्राच्या बिघाडात दोन्ही जाणार. फार लांब घेतली तर प्रत्येक व्यवहार रेंगाळणार. शेवटी मधलं अंतर धरलं आणि तिसरी नक्कल खूप लांब ठेवली. तिथे नोंद थोडी उशिरा पोहोचली तरी चालतं. याखेरीज आणखी एका वेगळ्या जागी एक छोटासा साक्षीदार सर्व्हर बसवला. दोन सेंटरमधला दुवा तुटला तर दोघांनाही वाटतं की समोरचा मेला आणि आता आपणच मालक. मग दोन्हीकडे वेगवेगळे हिशोब सुरू होतात. तसं झालं की कुणी चालू राहायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे तो साक्षीदार ठरवतो. अख्ख्या प्रकल्पातलं हे सगळ्यात स्वस्त मशीन असेल, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

दोन सेंटरमधल्या फायबरसाठी दोन वेगळ्या कंपन्यांकडून लाइन घेतल्या. करारात लिहिलं होतं की मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. नेटवर्क टीममधले आमचे सिनियर म्हणाले, "नकाशावर सगळेच वेगळे असतात. आपण एकदा चालून बघू." मला तेव्हा ते अतिच वाटलं होतं. आम्ही दोघं, दोन्ही कंपन्यांची माणसं बरोबर घेऊन, मार्गाचे नकाशे हातात धरून रस्त्याने निघालो. बराच वेळ सगळं ठीक होतं. एक लाइन मोठ्या रस्त्याने, दुसरी रेल्वेच्या कडेने. मग एक पूल आला. पुलाअलीकडच्या चेंबरचं झाकण सळईने उचकटून बाजूला सरकवलं. आत गुडघाभर पाणी. त्या पाण्यातून वर येणाऱ्या एकाच जाड पाइपात दोन्ही कंपन्यांच्या केबल शेजारी शेजारी शिरत होत्या. एकीची पट्टी नारिंगी, एकीची निळी, आणि दोन्हींवर आमच्या कंपनीच्या नावाचा टॅग. पूल एकच असल्यामुळे दोघांनीही तिसऱ्याच कुणाकडून तेवढा तुकडा भाड्याने घेतला होता. दोन्ही माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सिनियर काहीच बोलले नाहीत. त्यांनी टॅगचा फोटो काढला आणि तोच पुढच्या बैठकीत पहिल्या स्लाइडवर लावला. एका कंपनीला दुसऱ्या पुलावरून लांबचा वळसा घालून लाइन द्यावी लागली. तारीख पुढे गेली, कुरबुर झाली, पण त्यानंतर 'रिडंडंट आहे', म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं आहे, असं कुणी म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: दाखवा.

विजेचं काम माझं नव्हतं, तरी त्याच्या चाचण्या मी हट्टाने बघितल्या. सर्व्हर यायच्या आधी हॉलमध्ये लोड बँक आणून ठेवतात. ही अवाढव्य हीटरं. पूर्ण भरलेल्या हॉलइतकी वीज खातात आणि तितकीच उष्णता ओकतात. जनरेटरची चाचणीही खऱ्या भारावरच घ्यावी लागते. हलक्या भारावर बराच वेळ डिझेल जनरेटर चालवला तर न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं आणि ऐन वेळी तो दगा देतो. शेवटच्या टप्प्याला इंटिग्रेटेड टेस्ट म्हणतात: बाहेरची वीज खरोखर तोडायची आणि सगळ्या यंत्रणा मिळून काय करतात ते बघायचं.

वीज तोडली. यूपीएसच्या बॅटऱ्यांनी भार घेतला, काही सेकंदांत जनरेटर सुरू झाले, दिवा लुकलुकलासुद्धा नाही. टाळ्या वाजल्या. इलेक्ट्रिकलचे प्रमुख मात्र टाळ्या न वाजवता थर्मामीटरच्या स्क्रीनकडे बघत उभे होते. वीज परत आली तरी चिलर, म्हणजे हॉलसाठी पाणी थंड करणारं यंत्र, लगेच उठत नाही. त्याचा कॉम्प्रेसर आपल्या वेळेने, टप्प्याटप्प्याने सुरू होतो. तोवर पंप साठवणीच्या टाकीतलं थंड पाणी फिरवत राहतात. त्या दिवशी एक पंप जनरेटरवर आल्यावर आपोआप सुरू झाला नाही. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावी, अशी अश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस असते. आकडा २७ ओलांडून भराभर वर चढू लागला, अंगावरचे शर्ट घामाने पाठीला चिकटले, आणि वीज मात्र सगळीकडे शंभर टक्के ठीक दाखवत होती. "लाइट गेली असती तर बरं झालं असतं," इलेक्ट्रिकलचे प्रमुख नंतर म्हणाले, "सगळ्यांना कळलं तरी असतं." हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवलं.

आगीच्या बाबतीत आम्ही दुसऱ्यांच्या अनुभवावरून शिकलो. १५ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली आणि काकाओच्या चॅटपासून पेमेंटपर्यंतच्या सेवा कोलमडल्या. त्यामुळे आमच्याकडे बॅटऱ्यांची खोली कुठे आणि तिच्या भिंती कसल्या, यावर सर्व्हर हॉलपेक्षा जास्त वाद झाले. दुसरा धडा त्याहून चमत्कारिक. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅसची नुसती चाचणी घेतली. गॅस सुटतानाचा आवाज इतका प्रचंड होता की त्याच्या कंपनांनी हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि कार्डं, एटीएम कित्येक तास बंद पडली. आग नव्हतीच! आम्ही कमी आवाजाचे नोझल घेतले. ते महाग पडले, पण त्या खर्चावर कुणी चकार शब्द काढला नाही.

आता किल्ल्यांविषयी, म्हणजे माहिती कूटबद्ध करणाऱ्या गुप्त आकड्यांविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पेमेंटचं सेंटर आणि इतर कुठलंही सेंटर यांतला मोठा फरक इथेच आहे.

ग्राहकाने मशीनवर टाकलेला पिन उघड्या स्वरूपात कुठेही दिसता कामा नये. तो मशीनमध्येच कूटबद्ध होतो आणि आमच्याकडे एचएसएम नावाच्या पेटीच्या आतच उलगडून बँकेच्या किल्लीने पुन्हा बंद होतो. त्या पेटीला छेडलं, उघडायचा प्रयत्न केला, तर ती आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. मग नव्या सेंटरमधल्या कोऱ्या पेट्यांत मूळ किल्ली न्यायची कशी? ती कॉपी करता येत नाही, ईमेलने पाठवता येत नाही, आणि कुठल्याही एका माणसाला ती ठाऊक असता कामा नये. तिचे तुकडे असतात, प्रत्येक तुकडा एका कस्टोडियनकडे, म्हणजे तो सांभाळणाऱ्या माणसाकडे. सगळे तुकडे पेटीत एकत्र आल्यावरच किल्ली तयार होते. एक तुकडा कितीही बघितला तरी त्यावरून किल्लीचा अंदाजसुद्धा येत नाही. पीसीआय या कार्ड व्यवहारांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या पिन सुरक्षा नियमांत आणखी एक बारकावा आहे: किल्ली पुरी करू शकतील एवढे कस्टोडियन थेट एकाच साहेबाच्या हाताखालचे नसावेत. उद्या तो साहेब "द्या रे दोघं इकडे" म्हणाला तर? नियम करणाऱ्याला माणसं चांगली माहीत होती.

मी एका तुकड्याची कस्टोडियन होते. 'की सेरेमनी'च्या, म्हणजे किल्ली पेटीत भरायच्या दिवशी फोन बाहेर लॉकरमध्ये, आत फक्त दोन कस्टोडियन, एक साक्षीदार, ऑडिटर आणि सेरेमनी चालवणारा सहकारी. त्याच्या हातात छापील स्क्रिप्ट. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, केली की वेळ लिहायची, आद्याक्षरं टाकायची. कॅमेरे चालू होते, पण कीबोर्डकडे बघणारा एकही नव्हता, याची खात्री ऑडिटरबाईंनी खुर्चीवर उभं राहून करून घेतली. माझं छेडछाड कळणारं पाकीट तिजोरीतून निघालं. त्यावरचा क्रमांक रजिस्टरशी ताडून बघितला, मग इतरांनी पाठ फिरवली आणि मी आडोशामागे एकटी बसून बत्तीस अक्षरं टाइप केली. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, चार-चारचे गट. हात कापत नव्हते असं म्हणणार नाही.

प्रत्येक तुकड्यानंतर पेटी सहा अक्षरांची केसीव्ही, म्हणजे पडताळणीची खूण, दाखवते. तिच्यावरून किल्ली कळत नाही, फक्त तुकडा बरोबर टाइप झाला की नाही ते कळतं. माझी जुळली. दुसऱ्या कस्टोडियनची जुळली नाही. त्यांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. खोलीत शांतता. पाकिटातल्या कागदावर एक अक्षर छपाईत पुसट झालं होतं, आठ आहे की बी ते कळेना. "अहो, मला बघू द्या ना," असं साक्षीदाराच्या तोंडून निघून गेलं आणि ऑडिटरबाई जवळजवळ किंचाळल्या, "नाही! तुम्ही नाही बघायचं." कस्टोडियननी मग दोन्ही शक्यता आळीपाळीने टाकून बघितल्या, बी टाकल्यावर केसीव्ही जुळली. तेवढ्यासाठी अहवालात वेगळं परिशिष्ट जोडावं लागलं आणि तो तुकडा स्मार्ट कार्डावर नव्याने नोंदवून पुसट कागद तिथल्या तिथे नष्ट केला.

हे सगळं चालू असताना दुसरीकडे बँकांचा पाठपुरावा सुरू होता, आणि खरं सांगायचं तर तारखा सगळ्यात जास्त तिथेच घसरल्या. नव्या सेंटरचे आयपी पत्ते प्रत्येक बँकेने आपल्या फायरवॉलमध्ये उघडायचे. काम पाच मिनिटांचं. पण त्याआधी चेंज रिक्वेस्ट, मग समितीची मंजुरी, मग ठरलेली रात्र, आणि वर्षअखेरीला किंवा मोठ्या खरेदीच्या दिवसांत सगळीकडे फ्रीज, म्हणजे कुठलाही बदल करायला बंदी. "आमच्या बाजूने उघडलंय, तुमच्या बाजूला बघा" हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलंय की झोपेतही ओळखेन. कॉलवर आठ-आठ माणसं, प्रत्येकाचं आपल्यापुरतं सगळं हिरवं, आणि जोडणी तपासायचं टेलनेट काही लागत नाही. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. नेटवर्कवरून जाणारी पॅकेट, म्हणजे निरोपाचे तुकडे, पकडून त्यांची नोंद पाठवायची: हे बघा, आमच्याकडून निघालं, तुमच्या दारापर्यंत आलं, उत्तर नाही.

दुकानांतल्या मशीनची वेगळीच तऱ्हा. आम्ही समजत होतो की डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, पत्ता बदलला आणि टीटीएल, म्हणजे ते उत्तर धरून ठेवायची मुदत, कमी ठेवला की सगळी मशीनं आपोआप नव्या घरी येतील. बरीच आली. पण काही जुन्या मशीनमध्ये थेट आयपीच भरलेला होता, आणि काही मशीनं एकदा मिळालेलं डीएनएसचं उत्तर बंद होईपर्यंत धरून बसत. एखादं मशीन ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने पडून असतं आणि एक दिवस बाहेर निघून जुन्याच पत्त्यावर दार ठोठावतं. त्यांच्या मागे धावणं व्यर्थ होतं. सुदैवाने ते पत्ते आमच्या स्वतःच्या मालकीचे होते, म्हणून शेवटी पत्त्यांची ती रेंजच बीजीपीमधून, म्हणजे कुठला पत्ता कुठे आहे हे इंटरनेटला कळवणाऱ्या पद्धतीने, नव्या सेंटरवरून जाहीर करायची ठरली. ज्यांचे पत्ते इंटरनेट कंपनीकडून भाड्याने घेतलेले असतात त्यांना ही सोय नाही. नवीन कंपनी काढणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

मग आल्या फेलओव्हरच्या, म्हणजे एक सेंटर पडलं की दुसरं भार घेतं का याच्या चाचण्या. चाचणीच्या वातावरणात कृत्रिम व्यवहार सोडले आणि एक सेंटर धाडकन बंद केलं. दुसऱ्याने सगळा भार उचलला. सर्व्हर बंद, डेटाबेस बंद, मधला दुवा बंद, सगळ्यात पास. हिरव्या खुणांचा तक्ता तयार झाला, पुढे पाठवायची घाई सुरू झाली. नेटवर्कचे तेच सिनियर म्हणाले, "तुम्ही सगळीकडे मारूनच बघताय. जरा आजारी पाडून बघा की."

त्यांच्या डोक्यात १ जून २०१८ ची व्हिसाची घटना होती. युरोपातले व्यवहार हाताळणारी त्यांची दोन सेंटर होती, दोन्ही एकेकटी सगळा भार घेऊ शकतील अशी. एका सेंटरमधल्या एका नेटवर्क स्विचमध्ये (हे उपकरण, आमच्यासारखं सॉफ्टवेअर नव्हे) बिघाड झाला, पण तो पुरता बंद पडला नाही. अर्धवट चालत राहिला, म्हणून त्याचा बॅकअप वेळेवर कामाला लागलाच नाही. सुमारे १० तासांत ५२ लाखांच्या आसपास व्यवहार फसले. तो स्विच साफ बंद पडला असता तर त्या दिवसाची बातमीसुद्धा झाली नसती.

आम्ही एका सेंटरच्या नेटवर्कमध्ये मुद्दाम थोडी पॅकेट गळायला लावली आणि डिस्क किंचित मंद केली. एवढंच. दहा मिनिटं डॅशबोर्ड हिरवागार. का? आमची तब्येत तपासणी म्हणजे आयएसओ ८५८३ या कार्ड निरोपांच्या मानकातला ०८०० चा एको निरोप: 'आहेस का?' 'आहे.' तो इवलासा निरोप गळतीतूनही पार व्हायचा, नाही झाला तर पुन्हा जायचा आणि उत्तर आणायचा. खरे व्यवहार मोठे, त्यांना डेटाबेसमध्ये लिहायचं, दुसऱ्या सेंटरची वाट बघायची, बँकेकडे जायचं. ते टाइमआउट होत होते. त्याहून वाईट म्हणजे निरोगी सेंटरही दर नोंदीला आजारी सेंटरच्या उत्तरासाठी ताटकळत होतं. एकाचा ताप दोघांना. टाइमआउट झालेल्या प्रत्येक व्यवहारामागे ०४२० चा रिव्हर्सल निघतो, म्हणजे 'मघाचा व्यवहार रद्द समज'. त्या रिव्हर्सलचीच इतकी गर्दी झाली की धडधाकट व्यवहारांना वाट मिळेना. स्क्रीनवर उत्तराचा कोड ९१, बँक किंवा स्विच उपलब्ध नाही, ओळीमागून ओळ. आणि वरच्या पट्टीत: सर्व यंत्रणा सुरळीत.

हिरव्या खुणांचा तक्ता कुणीतरी निमूटपणे बंद केला.

त्यानंतर आम्ही जे बदललं ते आमच्या अख्ख्या सेंटरमधलं सर्वांत मोलाचं काम आहे असं मी मानते, आणि त्यासाठी नवं मशीन एकही लागलं नाही. तब्येत आता एकोवरून मोजत नाही. खऱ्या व्यवहारांना किती वेळात उत्तर येतंय आणि किती टाइमआउट होतायत यावरून मोजतो, तेही बँकेगणिक वेगळं, नाहीतर एका बँकेचं दुखणं आपल्या माथी येतं. सेंटर ठराविक मर्यादेपलीकडे मंदावलं तर दुसरं सेंटर त्याची वाट बघणं सोडतं आणि साक्षीदाराला विचारून त्याला बाहेर काढतं. बाहेर काढणं म्हणजे खरंच तोडणं: त्याचे नेटवर्क पोर्टच बंद, म्हणजे ते अर्धमेल्या अवस्थेत मधूनच उठून नोंदी करणार नाही.

यंत्रापेक्षा अवघड गेला तो माणसांचा भाग. यंत्रणेला कळलं नाही आणि माणसाला शंका आली, तर सेंटर तोडायचा निर्णय कुणाचा? आधीच्या नियमाप्रमाणे रात्रपाळीच्या माणसाने मॅनेजरला उठवायचं, मॅनेजरने विभागप्रमुखाला, त्यांनी कॉल बोलवायचा. तोवर पाऊण तास सहज जातो. आता शिफ्ट लीडला अधिकार आहे. आकडे दोन मिनिटं मर्यादेबाहेर राहिले की त्याने तोडायचं, मग कळवायचं. विनाकारण तोडलं गेलं तरी त्याला जाब विचारायचा नाही, हे लेखी घ्यायला आम्ही खूप भांडलो. वरून एकाने विचारलं, "उगाच तोडलं तर?" व्यवहार दुसऱ्या सेंटरवरून जातील. त्यासाठीच तर बांधलंय.

प्रत्यक्ष कटओव्हर, म्हणजे खरे व्यवहार नव्या सेंटरवर हलवणं, त्यामानाने नीरस झाला, आणि तो तसाच व्हावा. वर्दळ कमी असते त्या पहाटेच्या वेळी एकेका बँकेची लिंक हलवायची. आधी त्या लिंकवर नवे व्यवहार घेणं थांबवायचं, हवेत असलेले व्यवहार संपू द्यायचे किंवा त्यांची मुदत उलटू द्यायची, मग इथून साइन-ऑफ, तिथून साइन-ऑन. हवेतले व्यवहार संपायच्या आत उडी मारली तर रिव्हर्सल नव्या सेंटरला येतो आणि त्याचा मूळ व्यवहार जुन्याकडे राहतो. असा अनाथ रिव्हर्सल म्हणजे ग्राहकाचे पैसे कापले गेलेत, माल मिळालेला नाही आणि परतीची नोंद कुठेच नाही. पहिल्या बँकेचा पहिला व्यवहार ०० घेऊन परतला, मंजूर. एका बँकेच्या लिंकवर मात्र दर दोन व्यवहारांमागे एक ९१ यायला लागला. त्यांच्या दोन फायरवॉलपैकी एकच उघडला होता. पुन्हा अर्धवट! पण या वेळी शिफ्ट लीडने कुणालाही न विचारता ती लिंक परत जुन्या सेंटरवर घेतली आणि मग आम्हाला हाक मारली. बाकीच्या लिंक तोवर पुढे सरकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जुळणी. आमचा लॉग, कार्ड नेटवर्कची फाइल आणि बँकेची फाइल, तिन्ही ओळ ओळ मिळवायच्या. रेकॉनच्या टीमला कुणी उद्घाटनाला बोलावलं नव्हतं, पण सेंटर चालतंय की नाही याचा दाखला त्यांच्याकडूनच येतो. काही रिव्हर्सल दोनदा गेलेले निघाले. बँकांनी दुसरा ओळखून सोडून दिला होता, आणि तसंच व्हायला हवं. कुणाचे पैसे अडकले नाहीत.

जुनं सेंटर आम्ही लगेच बंद केलं नाही. ड्रॉवरमधून निघणाऱ्या मशीनसाठी आणि महिन्याच्या शेवटच्या सेटलमेंटसाठी ते भाराविना चालू ठेवलं, मग पत्त्यांची रेंज हलवली. शेवटी एचएसएममधल्या किल्ल्या पुसल्या; पुन्हा स्क्रिप्ट, पुन्हा कस्टोडियन, पुन्हा त्याच ऑडिटरबाई. डिस्कांचे क्रमांक एकेक वाचून यंत्रात घातल्या, खालून पत्र्याचा चुरा पडला. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण किमान तीन महिने ठेवायचं असतं, म्हणून रेकॉर्डर तेवढा सील करून नव्या सेंटरला आणला. रजिस्टरवर दोघांच्या सह्या झाल्या, प्रत ऑडिटरकडे गेली, आणि पुढच्या महिन्यापासून त्या इमारतीचं वीजबिल आमच्या हिशोबातून निघालं.